अनुमोदक: प्रा. वन्से

३ जून, मंगळवार

प्रिय वन्सं,

नमस्कार. मी बरी आहे, तुमचे बंधुराज बरे आहेत, डावा गुडघा तेवढा कुरकुरतो. तुमची खुशाली मला रविवारी कळते. ते तुमच्याशी फोनवर बोलायला बाहेर व्हरांड्यात जातात आणि नुसतं ‘हं, हं, बरं’ करतात. मी आत बसून त्या हुंकारांचे अर्थ लावते. गेल्या रविवारी तुम्हाला सर्दी झाली होती, इतपत अर्थ लागला. वाफ घ्या.

पाच वर्षांत माझ्या हातचं पत्र तुम्हाला आलेलं नाही, तेव्हा पाकीट पाहून दचकू नका. घरी सगळं ठीक आहे. तुमची वरची खोली झाडून-पुसून ठेवते. हे पत्र कार्यालयीन आहे आणि मी ते विभागप्रमुख या नात्याने लिहिते आहे.

नमनाला घडाभर तेल झालं, आता मुद्द्यावर येते. वन्सं, तुम्ही अजून आपल्या कॉलेजात आहात.

म्हणजे कागदावर. त्याचं असं झालं. तुम्ही बदली मागून संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात गेलात आणि दोघींचा भूगोल विभाग माझ्या एकटीच्या गळ्यात पडला. स्टाफरूममध्ये आपल्याला ‘नणंद-भावजय विभाग’ म्हणायचे ते आठवतं ना? इतिहासाचे सर म्हणायचे, यांच्या विभागाची सभा स्वयंपाकघरात होते आणि इतिवृत्त भांड्यांच्या आवाजावरून लिहितात. तुम्ही गेल्यावर भांडी गप्प झाली, पण नियम होता तसाच राहिला. दर महिन्याला विभागाची सभा, सभेत ठराव, ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक. मी पहिल्या महिन्यात नकाशांच्या खोलीत एकटीच बसले, स्वतःचं स्वागत केलं, आणि फाटक्या नकाशांना मागून कापड लावण्याचा ठराव स्वतःच मांडून स्वतःच मंजूर केला. हेडक्लार्कनी तो लाल पेन्सिलीने गोल करून परत पाठवला. ‘अनुमोदक कोण? एकट्याची सभा होत नसते.’

आता अनुमोदक कुठून आणू? सवयीने मी मान वर करून म्हटलं, “काय वन्सं, लावायचं ना कापड?” समोर तुमची खुर्ची होती. तुम्ही लावा म्हणाला असतात, हे मला माहीत होतं. म्हणून मी लिहून टाकलं, अनुमोदक: वन्सं.

हेडक्लार्क नवीन होते. त्यांना ते आडनाव वाटलं. ‘वन्सं’ हे अशुद्ध दिसतं म्हणून त्यांनी टंकताना ‘वन्से’ केलं, आणि शिक्षक आहेत म्हणजे मान द्यायला हवा म्हणून पुढे ‘प्रा.’ लावलं. फाइलमध्ये ते वाचून मी नकाशांच्या खोलीत एकटी हसत बसले. दुरुस्त करायला हवं होतं. केलं नाही.

आजवर बावन्न ठराव झाले. सगळ्यांना अनुमोदन प्रा. वन्से यांचं. मी उगाच तुमचं नाव वापरलं असं समजू नका. दर वेळी तुम्हाला विचारत होते. तीन ठराव तुम्ही अडवलेत. आस मोडलेला जुना पृथ्वीगोल टाकून द्यावा असं मी लिहायला घेतलं होतं, तर तुम्ही अशा काही बघितलंत की मी कागद फाडला.

इथवर सगळं सुरळीत होतं. दोन वर्षांपूर्वी नवे प्राचार्य आले. ते साडेअकराला येतात आणि आपलं कॉलेज सकाळी सातला भरून साडेअकराला सुटतं, त्यामुळे आम्हाला ते कागदावरूनच ओळखतात. कागदावर प्रा. वन्से ठळक आहेत. हा हा म्हणता वन्से शिस्त समितीवर गेले. वन्से यांना परीक्षेची सुपरव्हिजन लागली. ती माझी संपली की मी करते. स्टाफरूममध्ये सगळ्यांना खरं ठाऊक आहे, पण कोणी तोंड उघडत नाही. तर्कशास्त्रालाही एकच बाई आहेत. भूगोल बुडाला की पुढचा नंबर त्यांचा. शिवाय गंमत कुणाला नको असते? इतिहासाचे सर मला रोज विचारतात, “वन्से आज दिसले नाहीत?”

मागच्या महिन्यात प्राचार्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमचं दर आठवड्याला काहीतरी गाऱ्हाणं असतं. वन्से सरांकडे बघा. दोन वर्षांत एक तक्रार नाही.” वन्सं, तुम्ही इथे नसताना, पुरुष झालेल्या असताना, तरीही तुमचंच कौतुक ऐकायची पाळी माझ्यावर आली.

आता अंगाशी आलं आहे. वीस तारखेला सगळ्या शिक्षकांची सभा आहे. एका माणसाचे विभाग मोडून मोठ्या विभागांना जोडायचे, असं वरून ठरलं आहे. भूगोलात दोघं आहेत म्हणून तो वाचला, पण प्राचार्यांना वन्से सर समोर हवे आहेत. ते दिसले नाहीत तर भूगोल इतिहासाला जोडणार, आणि नकाशांच्या खोलीत जुन्या उत्तरपत्रिका ठेवणार. वीस वर्षं ज्या खोलीत आपण मुलांना उतार आणि चढ शिकवले, तिथे गठ्ठे.

तुम्हाला काही सुचलं तर कळवा. परत येण्याबद्दल मी काही लिहीत नाही, तो तुमचा प्रश्न आहे. केवळ माहितीसाठी: बदलीचे अर्ज तीस जूनपर्यंत घेतात आणि भूगोलाचं दुसरं पद अजून मंजूर आहे.

ज्या सभेत तुमचा ठराव अनुमोदकावाचून पडला, तिचा विषय मी काढत नाही. मला त्या दिवशी काही ऐकू आलं नाही, हे तुमच्या भावाकरवी तेव्हाच कळवलं होतं. डोक्यावरचा पंखा किती खडखडायचा ते तुम्हाला माहीत आहे. तो आता बदलला.

आपली नम्र,
विभागप्रमुख, भूगोल विभाग

ता. क. वाफेच्या पाण्यात निलगिरीचे दोनच थेंब टाका. तुम्ही अर्धी बाटली ओतता.


११ जून, बुधवार

प्रिय वन्सं,

नमस्कार. पाकीट मिळालं. मला चार ओळी असतील म्हणून ते दोनदा झटकलं, पण आत प्रा. वन्से यांचा राजीनामाच निघाला. अक्षर तुमचं, तेच, ‘र’ला लांब शेपूट असलेलं.

‘महोदय, मी गेली पाच वर्षे भूगोल विभागात विनावेतन, विनारजा आणि विनादेह सेवा करीत आहे. या काळात विभागप्रमुखांच्या बावन्न ठरावांना मी अनुमोदन दिले आणि तीन अडवले, तेही योग्यच अडवले. माझा स्वतःचा असा ठराव आयुष्यात एकच होता. त्याला अनुमोदक मिळाला नाही. तरी मला सेवामुक्त करावे. मी सर आहे की मॅडम, हे आपल्या सोयीने ठरवावे.’

‘विनादेह’पाशी मी इतकी हसले की तुमचे बंधुराज आंघोळीतून तसेच बाहेर आले. त्यांना वाचून दाखवलं. तेही हसले. मग त्यांनी शेवटून तिसरी ओळ पुन्हा वाचायला सांगितली.

ते म्हणाले, “एक विचारू? रागवू नकोस.”

मी म्हटलं, “विचारा.”

“त्या दिवशी पंखा चालू होता?”

“म्हणजे काय? कानाशी खडखडत होता.”

“ताई म्हणते, सकाळपासून वीज नव्हती. सभा खिडक्या उघडून घेतली होती.”

मी विचारलं, हे वन्सं कधी म्हणाल्या. तर म्हणाले, तेव्हाच. पाच वर्षांपूर्वी, तुम्ही सामान बांधत होतात तेव्हा. आणि वर म्हणालात, वहिनीला हे सांगू नकोस, तिला उगीच खाली बघावं लागेल.

मी म्हटलं, मग रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज असेल. ते ‘हं’ म्हणाले. तुमच्याशी फोनवर बोलताना म्हणतात तसंच.

राजीनामा मी उद्या कार्यालयात देणार आहे. वन्से गेले की पद रिकामं दिसेल, रिकामं पद दिसलं की माणूस मागता येईल, असा माझा डाव आहे. सुंठीवाचून खोकला गेला तर बरंच. बाकी इकडे नवे प्रवेश चालू आहेत, भूगोलाला सदतीस मुलं आली, त्यातली किती चुकून आली ते पंधरा दिवसांत कळेल. एका मुलीने विचारलं, “मॅडम, यात सगळं पाठ करायचं असतं ना?” तुम्ही असतात तर तिला हाताला धरून बाहेर रस्त्यावर नेलं असतंत. मी ‘हो’ म्हटलं.

अजून लिहायचं होतं. प्रवेशाचे फॉर्म तपासायचे राहिलेत.

आपली,
विभागप्रमुख


२१ जून, शनिवार

प्रिय वन्सं,

काल सभा झाली. आज मी रजा घेतली आहे, तुमचे बंधुराज बाजारात गेलेत, आणि मी तुमच्या खोलीत तुमच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. आधी सभेची हकिगत सांगते, कारण ती सांगायला सोपी आहे.

विषय क्रमांक चार, प्रा. वन्से यांचा राजीनामा. प्राचार्यांनी तो उभं राहून वाचला. ‘विनादेह’ला अडखळले आणि ‘विनासंदेह’ असं दुरुस्त करून पुढे गेले. तर्कशास्त्राच्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. ग्रंथपाल खाली वाकून चप्पल शोधत बसले. मला वाटलं, निभावलं.

पण प्राचार्य वाचून खाली बसले नाहीत. कागद हातात धरून म्हणाले, “ज्या माणसाने सहकाऱ्याचे बावन्न ठराव उचलून धरले, त्याचा एक ठराव आपल्याकडे अनुमोदकावाचून पडावा, हे मला शोभादायक वाटत नाही. त्या सभेला तुमच्यापैकी कोण कोण होतं?”

सगळे होते. सगळ्यांनी छताकडे पाहिलं. मी पण. नवा पंखा अजिबात आवाज करत नाही.

आणि मग मी उठले. उठायचं ठरवलं नव्हतं, गुडघ्याला विचारा.

“सर, वन्से नाहीत,” मी म्हटलं. “वन्सं आहेत. माझ्या नणंद.”

प्राचार्य म्हणाले, “वन्से सर तुमच्या नणंद आहेत?”

त्यावर जे हसू फुटलं ते बाहेरच्या शिपायांपर्यंत गेलं. तेही आत येऊन उभे राहिले. त्या गोंधळात मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. फाटके नकाशे, लाल पेन्सिल, तुमची खुर्ची. हेडक्लार्कनी चष्मा पुसून पुसून झिजवला. मग हसू ओसरलं, तेव्हा बाकीचं सांगितलं. म्हटलं, “त्या ठरावाला अनुमोदन द्यायचं काम माझं होतं. मला ऐकू आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. मला ऐकू आलं होतं. मी हात वर केला नाही.”



प्राचार्यांनी विचारलं, “म्हणजे पाच वर्षांचं इतिवृत्त खोटं?”

मी म्हटलं, “ठराव खरे आहेत, सर. कापड लावलेले नकाशे भिंतीवर आहेत, बघून घ्या. अनुमोदक तेवढा खोटा.”

त्यांनी माझं विभागप्रमुखपद काढून घेतलं आणि आठ दिवसांत लेखी खुलासा मागितला. भूगोल तीस तारखेपर्यंत इतिहासाच्या सरांकडे. तोवर दुसऱ्या पदावर रीतसर माणूस आला तर विभाग राहील आणि प्रमुख तो माणूस असेल. नाही आला तर जोडून टाकतील. माणूस कडक आहे, पण बोलला ते बरोबरच बोलला. माझी तक्रार नाही, आणि हे वाक्य माझ्या तोंडी किती विरळा आहे ते तुम्ही जाणता.

शेवटी ऐनवेळचे विषय आले, तेव्हा मी परत उठले. तुमचा ठराव मला शब्दनशब्द पाठ आहे. ‘भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी दर शनिवारी वर्गाबाहेर पडून कॉलेजच्या भोवतालचा परिसर स्वतः मोजावा आणि वर्षाअखेर त्याचा नकाशा स्वतः काढावा.’ सूचक म्हणून मी माझं नाव सांगितलं. प्राचार्य म्हणाले, “अनुमोदक...” आणि त्यांचं ‘कोण’ बाहेर पडायच्या आत इतिहासाच्या सरांचा हात वर.

“मला ती नकाशांची खोली हवी आहे, हे इथे सगळ्यांना माहीत आहे,” ते म्हणाले. “पण ठराव चांगला आहे. तेव्हाही चांगला होता. माझं अनुमोदन.”

मंजूर झाला. एकमताने. पाच वर्षं आणि दोन महिने उशिरा.

मग प्राचार्यांनी विचारलं, राबवणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वन्सं, मला मोजणीचं टेबल सपाट लावता येत नाही. मागे एकदा माझ्या मोजमापाने आपलं कॉलेज नदीत गेलं होतं, आणि तुम्ही मुलांसमोर एक अक्षर न बोलता रात्रीतून ते काठावर आणून ठेवलं होतंत. तेव्हा ठराव मंजूर आहे आणि माणूस नाही.

ही झाली हकिगत. सभेत जे एका वाक्यात सांगितलं ते तुम्हाला मात्र पूर्ण सांगायला हवं.

त्या सभेच्या आदल्या आठवड्यात दोन मुली माझ्या तासाला बसून खिडकीतून तुमचा तास ऐकत होत्या. मी रागावले नाही, कारण मीही ऐकत होते. घरी आले तर तुमचे बंधुराज म्हणाले, ताईला विचारून ठरवू. काय ठरवायचं होतं ते आता आठवत नाही. पडद्यांचं कापड असेल. मी विभागप्रमुख होते, त्या घरची सून होते, आणि दोन्हीकडे बरोबर असायचं ते तुमचंच. वाईट याचं की ते खरंच बरोबर असायचं.

तुम्ही ठराव मांडलात. दोन उन्हाळे खपून केलेला, रस्त्यांच्या कच्च्या आराखड्यांसकट. तेव्हाच्या प्राचार्यांनी विचारलं, अनुमोदक कोण? सगळे माझ्याकडे बघत होते, कारण विषय माझ्या विभागाचा. आणि माझ्या मनात आलं, एकदा तरी यांचं माझ्यावाचून अडू दे. जास्त नाही, एवढंसं. ते दुसऱ्यांदा विचारतील, तेव्हा हात वर करीन.

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलंच नाही. ‘अनुमोदक नाही, पुढचा विषय’ म्हणाले. पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा नळ होता. त्याला चौघांनी अनुमोदन दिलं.

तुम्ही कागद गोळा केलेत आणि माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. मला बरं वाटत नाहीये की काय, असं बघितलंत. मी पंख्याचं खोटं रचलं ते त्या नजरेमुळे. रागावला असतात तर भांडून मोकळी झाले असते.

त्यानंतर पाच वर्षं दर महिन्याला मी रिकाम्या खुर्चीला विचारत राहिले आणि तुमच्या तोंडून ‘हो’ वदवून घेत राहिले. लोकांना ती गंमत वाटली. मलाही मी ती गंमतच म्हणून सांगत होते. खरं सांगायचं तर, त्या बावन्न सभा सोडल्या तर मला तुमच्याशी बोलायला जागाच उरली नव्हती.

मला माफ करा, वन्सं. आणि माफ केलं नाहीत तरी अर्ज करा. या दोन गोष्टींची सांगड घालू नका. एक माझी आहे, दुसरी सदतीस मुलांची. पाठांतराचं विचारणाऱ्या त्या मुलीला मी परवा सांगितलं की मी चुकीचं बोलले, भूगोल पाठ करायचा नसतो. मग कसा करायचा, असं तिने विचारलं. मी म्हटलं, थांब, सांगणारं माणूस बोलावते.

तुम्ही आलात तर प्रमुख तुम्ही असाल. घरातही मोठ्या आणि तिकडेही मोठ्या. मला ते जड जाईल, खोटं कशाला बोलू. मी तुमच्या ठरावांना विरोध करीन, सुपरव्हिजनवरून कुरकुर करीन, तुमच्या भावाजवळ तुमच्या चहाड्या सांगीन. पण सभेत कोणी विचारलं आणि मी गप्प बसले, असं पुन्हा होणार नाही.

बंधुराज आले. जिन्याखालून विचारताहेत, कोणाला लिहिते आहेस म्हणून. उद्या रविवार. त्यांना सांगितलंय की फोन आला की पहिला माझ्या हातात द्यायचा. तुम्ही हवं तर काही बोलू नका. मी बोलेन.

सगळं ऐकू आलेली,
तुमची वहिनी